तिच्या वहीतील दिवस

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचे घर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून ह्या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी, अशा तीन भाषा लहानपणापासून माझ्या कानी पडल्या. माझी वृद्ध आत्या मला एकदा म्हणाली, "तू कचेरीत करतेस तरी काय?" मी सांगितले, "मोबाइलच्या पडद्यावर काय कोठे असावे, ते ठरवते." क्षणभर विचार करून ती म्हणाली, "म्हणजे रांगोळी काढतेस म्हण की!"

मी हसले, पण खरे सांगावयाचे तर त्या काळी मलाही आपले काम रांगोळीसारखेच वाटे. रंग जुळावेत, अक्षरे ठसठशीत असावीत, पाहणाऱ्याने वाहवा करावी, एवढीच माझी दृष्टी होती. पडद्याचे काम उंबरठ्याचे आहे, त्याला अडखळून कोणी पडता कामा नये, हे मला एका मितानिनीने शिकविले.

डॉन नॉर्मन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९९३ साली ॲपल कंपनीत काम पत्करले, तेव्हा आपल्या हुद्द्यातच त्याने 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घातले. वस्तू वापरणाऱ्याला येणारा अनुभव, हा त्यांचा सरळ अर्थ. पुढे आमच्या व्यवसायाला तेच नाव पडले. त्याची रीत पुस्तकात सोपी दिसते. ज्याच्यासाठी वस्तू करावयाची त्याला आधी भेटावे, त्याचे काम पाहावे, कागदावर कच्चा आराखडा काढावा, तो चार-पाच जणांच्या हाती देऊन पाहावा, आणि जेथे ते थबकतील तेथे आपली चूक शोधावी. मी ही रीत परीक्षेपुरती पाठ केली होती.

छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर थोड्याच काळात, २००२ साली, येथे मितानिन योजना सुरू झाली. पाड्यापाड्यातून तेथल्याच एका स्त्रीची निवड करावयाची आणि तिला आरोग्याचे प्राथमिक शिक्षण द्यावयाचे, अशी ती योजना. देशभर आज परिचित असलेली 'आशा' कार्यकर्ती त्यानंतर, २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. मितानिनीच्या कामात नवजात बालकांच्या घरभेटींना मोठे महत्त्व असते. बाळ घरी जन्मले तर पहिल्या दिवशी, आणि पुढे ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी तिने जावे, असा नियम आहे. जन्मतः अडीच किलोहून कमी वजन भरले, तर ह्या भेटींवर पुष्कळ काही अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला अशा भेटींच्या नोंदीसाठी मोबाइलवरील नमुना तयार करावयास सांगितले. मी तो घरी बसून तयार केला. प्रारंभी बाळाची जन्मतारीख विचारली होती; ती भरल्यावाचून पुढचे पान उघडत नसे. तारखेवरून भेटींचे दिवस यंत्रच मोजून सांगे. संस्थेच्या बैठकीत सर्वांना तो आवडला. भाद्रपदात आरंगच्या वाटेवरील काही गावांतून तो वापरावयास दिला गेला.

महिन्याभराने मी त्यांतल्या एका गावी गेले. तेथली मितानिन पन्नाशीची होती. तिने मला ओसरीवर बसविले, पाणी दिले, आणि एक हकिगत सांगितली.

तीजाचा सण झाला होता. आपल्याकडे ज्या दिवशी हरतालिका असते, त्याच दिवशी छत्तीसगढात तीजा असतो आणि लेकी माहेरी येतात. अशीच एक लेक गावी आली आणि दिवस भरण्यापूर्वीच घरी बाळंत झाली. मितानिन स्वतःही तीजासाठी माहेरी गेलेली. ती परतली तेव्हा बाळाचा सहावा दिवस होता. तिने वजन केले. ते २ किलो १०० ग्रॅम भरले. मग तिने मोबाइल उघडला. बाळ कधी झाले? घरची मंडळी म्हणाली, तीजानंतर दोन दिवसांनी. ते उत्तर अचूक होते, परंतु माझ्या पडद्यावर त्याला जागा नव्हती. पडद्यावर त्या दिवसाची तारीख आपोआप उमटलेली होती. पुढचे पान उघडावे म्हणून तिने तीच राहू दिली.

यंत्राच्या हिशेबी बाळ त्या दिवशीच जन्मले. दुसऱ्या दिवशी कोणाकडे जावयाचे नाही, असे त्याने सांगितले. मितानिन मात्र गेली. बाळ अंगावर पीत नव्हते, हातपाय गार पडले होते. तिने त्याला आईच्या उराशी बांधून इस्पितळात नेले. बाळ वाचले.

"यंत्र नाही म्हणत असता तुम्ही गेलात कशा?" मी विचारले.

तिने उशाखालची वही काढली. "मसीन मं नइ रिहिस, दीदी; फेर मोर कापी मं रिहिस." यंत्रात नव्हते, पण माझ्या वहीत होते. वहीत लिहिले होते 'तीजा', त्यापुढे दोन रेघा, आणि मग दिवसांच्या सात रेघा. मग ती ओशाळून म्हणाली की, तारीख चुकली ती आपलीच चूक, आपण फार शिकलेलो नाही. त्या वाक्याने मी खाली मान घातली. चूक माझी होती आणि लाज तिला वाटत होती.

परतताना मला १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवली. मतदारयाद्या होत असता पुष्कळ स्त्रियांनी आपले नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची मुलगी असे सांगितले. स्वतःचे नाव हवे, हा आयोगाचा आग्रह योग्यच होता. परंतु सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणी यादीबाहेर राहिल्या. त्याच निवडणुकीत, अक्षरओळख नसलेल्या मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी ठेवून तीवर त्याचे चिन्ह लावले होते. कोट्यवधी निरक्षर माणसांनी निःसंकोच मत दिले. एका ठिकाणी माणसाने कागदापर्यंत चालत यावे अशी अपेक्षा होती. दुसऱ्या ठिकाणी कागदच माणसापर्यंत चालत गेला.

मी पुन्हा त्या गावी गेले, ह्या खेपेस कोरे कागद घेऊन. पाच मितानिनी चटईवर बसल्या. मी पडद्याएवढे कागद कापून त्यांच्यापुढे मांडले आणि गप्प राहिले. गप्प राहणे हा ह्या कामातला सर्वांत अवघड भाग होय. त्यांनी कागद फिरविले, खोडले, एक तर फाडूनच टाकला. नव्या नमुन्यात 'आज, काल, परवा' आले. हरेली, पोरा, तीजा, छेरछेरा आले, आणि त्यांच्या आधी-नंतरचे दिवस मोजण्याची सोय आली. सणाची तारीख काढणे हे यंत्राचे काम झाले. 'नक्की ठाऊक नाही' असेही म्हणता येऊ लागले. तसे म्हटल्यास यंत्र दुसऱ्याच दिवशी भेट सुचवी. आणि मितानिनीची वही आम्ही काढून घेतली नाही.

छत्तीसगढात दोन जीव भोजलीचे अंकुर किंवा महाप्रसाद एकमेकांस देऊन जन्माचे मितान होतात. मितानिन हे नाव त्याच नात्यावरून आले आहे. आता नवे काम हाती आले, की मी प्रथम पडदा उघडत नाही. कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसते आणि त्यांची वही पाहावयास मागते.

आत्याने परवा पुन्हा तोच प्रश्न केला. मी म्हणाले, "लोक दिवस कसे मोजतात, ते शिकते." ती म्हणाली, "मग हे काम बरे आहे."