मास्तर मागे राहिले

आमच्या सायकल गटात आम्ही नऊजण. तिघांचे लूम आहेत, दोघे गोदामात हिशेब लिहितात, एकजण औषधांच्या दुकानात बसतो. वयाने सगळ्यांत मोठे मास्तर. बासष्ट वर्षांचे, शाळेतून निवृत्त. लूमला शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमची फेरीही शुक्रवारची. फजर झाली की निघायचं आणि जुम्याच्या आंघोळीला घरी हजर व्हायचं.

गेल्या जानेवारीत अंजूरला जायचं ठरलं. अंजूर फाट्यापासून मानकोलीपर्यंत कंटेनरच्या सोबतीनेच जावं लागतं. तिथे कुणी बोलत नाही, सगळे एका रांगेत. महामार्ग ओलांडून गावाकडे वळलो तेव्हा कुठे धुकं आणि शेतं दिसली. भात कापून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, मध्येच एखादं नवं गोदाम. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत सामील झालेल्या गंगाजी नाईकांचं हे गाव. ही मोहीम 1737 ते 1739 ची, हे आम्हाला मास्तरांनीच दर खेपेला सांगितलेलं. अब्बांच्या वेळी लोक सायकलवरून लूमवर कामाला जायचे. आम्ही मोटारी दारात ठेवून साखर उतरवायला सायकल चालवतो. असो.

रस्ता मोकळा मिळाला आणि आम्हाला जोर चढला. रांगेतला पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना कमी दम लागतो. पण रांगेतून एकदा सुटलेल्या माणसाला तो सगळा वारा एकट्याने खावा लागतो, म्हणून तो आणखीच मागे पडतो. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी कुणी मागे वळून पाहिलं नाही. उल्हास नदीच्या बाजूला चहाला थांबलो, पेले मोजले आणि एक जास्त झाला.

परत फिरलो. मास्तर एका घराच्या ओट्यावर बसले होते, सायकल अंगणात आडवी. एवढ्या थंडीत सदरा घामाने ओला, हात थरथरत होते. आम्ही नाव विचारलं तर आमच्याकडे नुसतं बघत राहिले. समोर वाल सोलायला बसलेल्या मावशी गुळाचा खडा त्यांच्या हातात कोंबून म्हणत होत्या, "आधी खा, मग बोल." औषधवाल्या आमच्या भावाने साखर मागितली. तीन चमचे पाण्यात ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी मास्तरांनी स्वतःच विचारलं, "माझी चप्पल कुठंय?" त्यांनी बूट घातले होते, पण प्रश्न विचारला यातच आम्ही खूश.

झालं होतं असं: पहाटे इन्सुलिन टोचून घेतलं आणि उशीर होईल म्हणून न खाताच निघाले. इन्सुलिन आणि व्यायाम दोन्ही साखर खाली ओढतात, पोटात काही नसेल तर ती फारच खाली जाते. घाम, थरथर, भलतंच बोलणं या खुणा. शुद्ध हरपली असती तर तोंडात काही घालताही आलं नसतं. श्वासात अडकलं असतं. मावशींनी त्यांना सायकलवरून झोकांडी जाताना पाहिलं म्हणून बरं, नाहीतर आम्ही चहा पीत बसलो होतो.

मावशी पैसे घेईनात. वर मूठभर वालाच्या शेंगा दिल्या.

मास्तरांना एकाच्या गाडीवर बसवून आणलं. वाटेत ते एवढंच म्हणाले, "घरी बोलू नका रे, ती मला सोडायची नाही." आम्ही अर्धा तास नाक्यावर वाद घातला. काहींचं म्हणणं, वडील माणसाचा शब्द मोडायचा कसा? शेवटी आम्ही गेलो आणि भाभींना सगळं सांगितलं, आम्ही पुढे निघून गेलो तेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि जातील तेव्हा माझ्यासमोर नाश्ता करून जातील."

डॉक्टरांनी फेरीच्या दिवशीची मात्रा बदलून दिली. मास्तर दोन शुक्रवार आमच्याशी बोलले नाहीत. आता रांगेत ते सगळ्यांत पुढे असतात, खिशात साखरेच्या पुड्या, ताशी बारा किलोमीटर. त्यांना ओलांडायचं नाही असं ठरलंय. जुम्याला पोहोचायची घाई झाली की आम्ही मागून घंटा वाजवतो. ते वळून बघत नाहीत.