माशी आणि खाच

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी, वरच्या अंगाला, एक बारीक उभा उंचवटा असतो. जुन्या मराठीत त्याला 'माशी' म्हणतात. मुठीच्या वर, मागच्या टोकाशी, एका आडव्या पट्टीत चौकोनी खाच असते. खाचेतून माशी पाहायची, दोहोंचे वरचे काठ एका पातळीत आणायचे आणि माशीच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवायचा, एवढेच नेम धरण्याचे तंत्र. शिकायला पाच मिनिटे पुरतात, साधायला दहा वर्षेही अपुरी पडतात असे नेमबाज सांगतात. पिस्तुलाचे इतर सर्व भाग चारचौघांना दिसतात. हे जुळणे मात्र ज्याच्या हातात पिस्तूल आहे त्या एकट्यालाच दिसते.

हे सांगण्याचे कारण, मी बीडचा आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमचा जिल्हा किती शस्त्रपरवाने बाळगून आहे हे महाराष्ट्राला कळले. आकडा बाराशेच्या वर होता. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या, कमरेचे पिस्तूल सदऱ्याबाहेर काढून मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघरी पाहिल्या गेल्या. पुढे प्रशासनाने फेरतपासणी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. त्या चित्रफिती मी लक्षपूर्वक पाहिल्या. एकाही माणसाची नजर माशीवर नव्हती. हात वर, तोंड कॅमेऱ्याकडे. जे शस्त्र दाखवायचेच आहे त्याला माशी असली काय नि नसली काय!

आमच्या घरातही एक परवाना आहे. थोरल्या बंधूंनी जमिनीच्या एका जुन्या वादानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर घेतले. निवडणूक जाहीर झाली की ते ठाण्यात जमा करायचे, निकालानंतर परत आणायचे, यापलीकडे त्याचा फारसा प्रवास नाही. परवाना मिळाल्यापासून त्यांनी झाडलेल्या गोळ्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. साठी उलटल्यावर एके दिवशी ते मला म्हणाले, "अरे, हिच्यावरची ती माशी मला दिसतच नाही बघ. अंधारात चमकणारी मिळते म्हणतात. बसवून घ्यावी का?"

प्रश्न अगदी रास्त होता. परदेशात माशी आणि खाच बदलून बसवण्याचा मोठा व्यापार आहे. पांढऱ्या तीन ठिपक्यांची जोडी मिळते. प्रकाश गोळा करणाऱ्या रंगीत तंतूची माशी मिळते. ती उन्हात उठून दिसते आणि अंधारात मुकी होते. ट्रिटियम वायूची इवलीशी नळी बसवलेली माशी स्वतःच्या किरणोत्साराने रात्रभर मंद उजळते. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे पाच वर्षांच्या परवान्याची दोन नूतनीकरणे होईपर्यंत ती बऱ्यापैकी दिसत राहील. शिवाय हल्ली काचेवर लाल ठिपका दाखवणारे यंत्र आहे. त्यात जुळवाजुळवच नाही. ठिपका लक्ष्यावर आला की झाले. वयस्कर डोळ्यांना खरोखर सोयीचे तेच, कारण डोळा लक्ष्यावर ठेवता येतो. पण दादांच्या रिव्हॉल्व्हरवर ते बसवायला जागा नाही. त्याची खाच मूळ धातूतच कोरलेली, ती हलत नाही. आणि शस्त्रात फेरफार करायचा तर तो परवाना असलेल्या कारागिराकडूनच. शस्त्र अधिनियम, १९५९ हे काम बिनपरवाना कोणालाही करू देत नाही.

हे सगळे मी त्यांना सांगितले. मग विचारले, अंधारात नेमके कोणावर नेम धरायचा आहे? दादा थोडे हसले आणि त्यांनी चहा मागवला. त्या डिसेंबरनंतर तो विषय पुन्हा निघालेला नाही.

माशीचा दुसरा प्रश्न त्याच घरातून आला. त्याने मात्र मला महिनाभर कामाला लावले. दादांची धाकटी मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. दर रविवारी पहाटेच्या एसटीने ती छत्रपती संभाजीनगरला सरावाला जाते. एरवी घराच्या लांब पडवीत टेपने दहा मीटर मोजून, जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर मध्य येईल अशा बेताने कागद टांगते. भिंतीवर कोल्हापूरच्या राही सरनोबतचे छायाचित्र आहे, २०१८ च्या आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णपदकाच्या वेळचे. पुतणीचे पिस्तूल जुने, एका उंचापुऱ्या नेमबाजाकडून घेतलेले. त्यावर पाच मिलिमीटर रुंदीची माशी होती. तिची तक्रार अशी की माशीच्या दोन्ही बाजूंचा उजेड पुरेसा दिसत नाही. खाच रुंद केली तरी समाधान होत नाही.

आम्ही टेप घेऊन बसलो. तिने हात लांबवला की डोळ्यापासून माशी ९० सेंटिमीटरवर येते. आधीच्या मालकाचा हात लांब. त्याची माशी मीटरभर दूर असणार. लक्ष्याचा काळा गोल ५९.५ मिलिमीटर व्यासाचा. मीटरभर अंतरावरची पाच मिलिमीटरची माशी दहा मीटरवर ५० मिलिमीटर भासते, गोलापेक्षा थोडी अरुंद, म्हणजे हवी तशी. तीच माशी ९० सेंटिमीटरवर आली की साडेपंचावन्न भासते आणि गोलाच्या जवळजवळ बरोबरीला येते. तिला त्याच्यासारखे दृश्य हवे असेल तर माशी साडेचार मिलिमीटरची हवी. ही गोष्ट मला फार आवडली. पिस्तूल तेच, नियम तेच, पण माणूस बदलला की माशी बदलावी लागते, कारण ती हाताच्या लांबीला बांधलेली आहे.

मग दुसरे गणित मांडले. माशी आणि खाच यांत साधारण ३२ सेंटिमीटरचे अंतर. सबंध हात कापून पिस्तूल समांतर पाच मिलिमीटर सरकले, तर छर्राही कागदावर पाचच मिलिमीटर सरकतो. पण माशी खाचेत केवळ ०.२ मिलिमीटर एका बाजूला गेली, तर दहा मीटरवर सहा मिलिमीटरांची चूक होते, आणि एअर पिस्तुलाच्या कागदावर एका गुणाचे कडे आठ मिलिमीटरचे आहे. हात कापल्याची शिक्षा सौम्य, माशी ढळल्याची कठोर. नवशिक्याला नेमके उलटे वाटते. तो कापरा हात पाहून घाबरतो, घाईने चाप ओढतो, आणि त्या झटक्यात माशी ढळते.

डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. त्यामुळे माशी रेखीव पाहायची आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचे. ज्याला मारायचे ते अस्पष्ट ठेवायचे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. शिवाय माशी काळी आणि गोलही काळा. काळ्यावर काळे ठेवले तर माशीचा काठ हरवतो. म्हणून पुष्कळ जण गोलाच्या खाली पांढऱ्याची एक फट सोडून नेम धरतात आणि छर्रा वर जाईल अशी खाच लावून घेतात.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पिस्तुलाला उघडी माशी आणि खाच एवढीच परवानगी आहे. दुर्बीण, लाल ठिपका, लेसर, काही चालत नाही. दृष्टिदोषाचे भिंग चष्म्यात चालते, पिस्तुलावर नाही. न मिटलेल्या दुसऱ्या डोळ्यापुढे झाकण चालते, तेही ३० मिलिमीटरहून रुंद नसावे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ डिकेच साध्या चष्म्याने, दोन्ही डोळे उघडे ठेवून रौप्यपदक घेऊन गेले, आणि हा गृहस्थ रस्त्यावरून उठून आला असावा असे जगाला वाटले. त्यांच्या हातातले पिस्तूल आणि त्यावरची माशी अर्थातच स्पर्धेच्याच दर्जाची होती. खिशात हात घालणे तर बहुतेक नेमबाज करतात. त्याने खांदा स्थिर राहतो.

त्या हिवाळ्यात पुतणीच्या पेटीकडे एसटीत लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. एकाने विचारले, "कोणाची गं तू? कोणाकडं असतीस?" म्हणजे कोणत्या पुढाऱ्याच्या माणसांपैकी. तिच्या आईचे म्हणणे, वर्षभर थांबावे. बीडच्या मुलीने पिस्तुलाची पेटी घेऊन हिंडण्याचे हे दिवस नव्हेत. वहिनींना भित्र्या म्हणणे मला जमणार नाही. त्या दिवसांत इथे राहिलेल्या कोणालाच जमणार नाही. दादांनी बराच वेळ काही न बोलता ऐकून घेतले. मग ते म्हणाले, रविवारी एसटीने मी बरोबर येतो. तसे ते चार-पाच रविवार गेले. सरावाच्या जागी मागच्या बाकावर बसून, पोरी एकेका छर्ऱ्याला किती वेळ घेतात ते पाहत राहिले. साठ छर्ऱ्यांना सव्वा तास देतात, तो पुरतो की नाही, असे एकदा त्यांनी मला विचारले.

साडेचारची माशी टपालाने आली. एक बारीक स्क्रू काढून ती बसवायला दोन मिनिटे लागली. पुतणीने हात लांबवून पाहिले आणि "आता श्वास घ्यायला जागा झाली, काका," असे म्हणाली. दादांनीही पिस्तूल मागून घेतले, हात ताणला, डोळे बारीक केले. माशी त्यांना दिसली नाहीच. खाचेची खोली वाढवायची की तशीच ठेवायची, यावर बाप-लेकीचा वाद अजून चालू आहे.