बाण हरवतो तेव्हा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वयाच्या ८२व्या वर्षी लॅपटॉपवर आपल्या आठवणी लिहीत असत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी ते लेखन थांबवले. “आता दिसत नाही,” एवढेच म्हणाले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्म्याचा नंबर नुकताच तपासलेला. ‘वयोमान’ हा शब्द आम्हा डॉक्टरांच्या जिभेवर तयारच असतो. वाचकहो, मी तो उच्चारलाही. त्याची खंत आजही आहे.

एका रविवारी मी त्यांच्या शेजारी नुसता पाहत बसलो. लॅपटॉप नवा, १४ इंची पडद्याचा. माझ्या भाच्याने त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली घालून दिलेली. एवढ्याशा पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके दाटलेले, म्हणून अक्षरे मुंगीएवढी आणि माउसचा बाण तर दिसेनासाच. अण्णा बाण शोधत. तो सापडेपर्यंत मनातले वाक्य निसटून जाई. विसरण्याचे हे कारण मी कधी विचारातच घेतले नव्हते.

प्रथम माझीच चूक झाली. मी ‘रिझोल्यूशन’ कमी केले. अक्षरे मोठी झाली, पण पुसट. पडद्याचे ठिपके ठरलेले असतात. कमी ठिपक्यांचे चित्र त्यांवर ताणून बसवले की कडा धूसर होतात. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला पुन्हा धूसर दाखवण्याचा हा उपद्व्याप! ते पूर्ववत केले आणि त्याच पानावर ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’ चालू करून ‘स्केल’ १२५ टक्के केले.

तेव्हा अण्णा हळूच म्हणाले, “हे मी करून पाहिलं होतं रे. आपोआप पुन्हा बारीक होतं. वाटलं, माझंच काही चुकतंय.”

चुकत नव्हते. बदल कायम ठेवायचा का, असे यंत्र विचारते आणि काही सेकंदांत उत्तर न मिळाल्यास जुनी मांडणी परत आणते. पडदाच दिसेनासा झाला तर सुटका व्हावी, यासाठीची ही सोय. अण्णा भिंग घेऊन तो इंग्रजी प्रश्न वाचेपर्यंत मुदत संपत असे.

बाणाचा उपाय ‘ॲक्सेसिबिलिटी’ या विभागात आहे. तेथे ‘कर्सर साइझ’ वाढवावा. ‘लोकेट पॉइंटर’ चालू केल्यास कंट्रोल कळ दाबताच बाणाभोवती वर्तुळे उमटतात. हात थरथरत असल्यास बाणाचा वेग कमी करावा. थरथर नवी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, नजरेपुढे पडदा सरकल्यासारखे झाले किंवा दृष्टी अचानक मंदावली, तर सेटिंग्ज उघडत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

अण्णा हल्ली गरज नसतानाही कंट्रोल कळ दाबतात आणि वर्तुळे उमटली की मान डोलावतात. आठवणी पहिल्या नोकरीपर्यंत आल्या आहेत.