नाकारलेला उत्तरभाग

31 जानेवारी 1998 रोजी जपानमध्ये 'रिंगु' आणि 'रासेन' हे दोन चित्रपट एकाच दिवशी, जोडीने प्रदर्शित झाले. एक मूळ आणि दुसरा त्याचा उत्तरभाग. पहिला हिदेओ नाकाता यांनी दिग्दर्शित केला, दुसरा जोजी ईदा यांनी. दोहोंना आधार कोजी सुझुकी यांच्या कादंबऱ्यांचा. त्यांतली पहिली 1991 ची, दुसरी 1995 ची. पहिल्या चित्रपटाने प्रेक्षकाला झपाटले आणि दुसऱ्याकडे त्याने पाठ फिरवली. चांगल्या कृतीचा उत्तरभाग पडावा यात नवल नाही. नवल पुढे आहे. निर्मात्यांनी 'रासेन' जणू घडलाच नाही असे मानले आणि 'रिंगु'नंतरची कथा पुन्हा पहिल्यापासून रचली. जानेवारी 1999 मध्ये आलेला 'रिंगु 2' हा नाकाता आणि पटकथाकार हिरोशी ताकाहाशी यांचा. त्याला सुझुकींच्या कोणत्याही कादंबरीचा आधार नाही. म्हणजे मूळ लेखकाने लिहिलेली पुढची कथा बाद झाली आणि पटकथाकाराने कल्पिलेली कथा तिच्या जागी बसली. माइ ताकानो ही व्यक्तिरेखा एका उत्तरभागात मरते, दुसऱ्यात जगते. आणि दोन्हीकडे ती भूमिका मिकी नाकातानी या एकाच अभिनेत्रीने केली आहे.

वाचक अर्थ घडवतो, हे आपण गेली कित्येक वर्षे वर्गावर्गांतून सांगत आलो आहोत. याउस यांचे 'अपेक्षांचे क्षितिज' आणि इझर यांच्या 'रिकाम्या जागा' आता पदव्युत्तर परीक्षेतील हमखास प्रश्न होऊन बसल्या आहेत. परंतु या मांडणीतला वाचक फार तर अर्थ बदलतो. घडलेली घटना बदलत नाही. प्रेक्षकाच्या नापसंतीमुळे कथानकातले एक मरण मागे घेतले जावे, हे त्याच्या पुढचे पाऊल होय. म्हणूनच प्रेक्षकाने नेमके काय नाकारले, हा प्रश्न मला केवळ चित्रपटाच्या धंद्याचा वाटत नाही.

याचे प्रचलित उत्तर सोपे आहे. 'रिंगु'मध्ये एक शापित व्हिडिओफीत आहे. ती जो पाहतो तो सात दिवसांनी मरतो. विहिरीत मारून टाकलेल्या सदाको नावाच्या स्त्रीचा तो शाप. 'रासेन'मध्ये या शापाचे शवविच्छेदन होते, आणि तेही शब्दशः, कारण त्याचा नायक आंदो हा शवविच्छेदन करणारा डॉक्टरच आहे. शाप हा विषाणू ठरतो, सदाको ही गुणसूत्रांतली माहिती ठरते, आणि भय प्रयोगशाळेत जाऊन विझते. तोदोरोव यांनी 1970 मध्ये अद्‌भुताविषयी जे म्हटले होते त्याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणता येईल: नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक यांच्यामधला संभ्रम टिकतो तोवरच अद्‌भुत टिकते. जपानी परंपरेतही याला आधार सापडतो. एदो काळात माणसे रात्री जमून भुताच्या शंभर गोष्टी सांगत आणि दर गोष्टीनंतर एकेक दिवा मालवत. शंभरावा दिवा मालवला की काहीतरी अवतरते, अशी समजूत असल्याने गोष्टी नव्याण्णववर थांबवीत. 'रासेन'ने शंभरावी गोष्ट सांगून टाकली, असे कोणी म्हटले तर वाक्य देखणे होईल.

पण ते पुरेसे नाही. 'रिंगु' स्वतःच काही कमी स्पष्टीकरणे देत नाही. सदाकोची आई शिझुको, तिच्या अतींद्रिय शक्तीचे प्रयोग करणारा संशोधक, पत्रकारांसमोरचे प्रात्यक्षिक, 'लबाडी, लबाडी' असा त्यांनी केलेला गिल्ला, हे सारे त्यात आहे. आणि त्यामागे खरा इतिहासही आहे. तोक्योच्या शाही विद्यापीठातील फुकुराई तोमोकिची यांनी 1910 मध्ये मिफुने चिझुको या स्त्रीवर असे प्रयोग केले होते आणि जाहीर संशयाच्या वावटळीत सापडलेल्या त्या स्त्रीने 1911 मध्ये विष घेतले. शिवाय ज्या 'रिंगु 2'ला प्रेक्षकांनी गर्दी केली, त्यात तर रुग्णालय आहे, यंत्रे आहेत, आणि माणसातली अघोरी शक्ती पाण्यात उतरवू पाहणारा एक डॉक्टर आहे. हे विज्ञान 'रासेन'मधल्या विज्ञानापेक्षा तसूभरही कमी भोंगळ नाही. तेव्हा प्रेक्षकाला स्पष्टीकरणाचाच विटाळ होता, हे म्हणणे टिकत नाही.

मला या प्रश्नाचे दुसरे टोक सापडले ते वर्गात. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात भयानक रसाचा भाग आला की भरतापासून निघून अभिनवगुप्तापर्यंत पोचेतो मुलांच्या डोळ्यांवर झापड येते. म्हणून एका वर्षी मी पदव्युत्तर वर्गाला 'रिंगु' दाखवला आणि पुढच्या आठवड्यांत दोन्ही उत्तरभाग. (भयकथा ही मराठी समीक्षेने कायम ओसरीवरच बसवलेली पाहुणी आहे. तिच्यासाठी वर्गाचे तास खर्ची घातल्याबद्दल एका सहकाऱ्याने भुवया उंचावल्या, ते साहजिकच होते.) सदाको दूरचित्रवाणीच्या पडद्यातून बाहेर येते, त्या दृश्याला वर्ग अपेक्षेप्रमाणे किंचाळला. हे दृश्य कादंबरीत नाही. ते चित्रपटाने दिले. अभिनेत्रीला उलटे चालवून चित्रण केले आणि मग फीत उलटी फिरवली, म्हणून ती चाल मानवी वाटत नाही. पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या शेवटाविषयी.

नायिका रेइको ही पत्रकार आहे. तिच्या लहान मुलाने, योइचीने, ती फीत पाहिली आहे. र्यूजी, तिचा पूर्वीचा नवरा, मरतो आणि ती मात्र वाचते, तेव्हा तिला कळते की सुटकेचा मार्ग एकच: फितीची प्रत काढायची आणि ती दुसऱ्याला दाखवायची. ती यंत्र आणि फीत घेऊन गाडीत बसते, आपल्या वडिलांना फोन करते, योइचीसाठी एक काम आहे म्हणून सांगते आणि निघते. मोकळा रस्ता, भरून आलेले आभाळ, पाठीमागे अफवा सांगणाऱ्या मुलींचे आवाज. चित्रपट संपतो.

वर्गात सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला. पोरगा वाचणार होता. मग मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "पण आजोबांचं काय?" ती स्वतः आजोबांकडे वाढलेली होती, हे मला नंतर कळले. वर्ग गप्प झाला. कोणीतरी म्हणाले, आजोबा पुढे कोणाला तरी दाखवतील. तिने विचारले, "कोणाला?"

त्या काळात माझे वडील घरी अंथरुणाला खिळलेले होते आणि मुलगा शाळेत जात होता. ज्या घरात असे दोन जीव असतात तिथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक हिशेब होतोच. तो कोणी मोठ्याने करीत नाही एवढेच. औषधे की शिकवणी, रात्रीची नर्स की सहल. प्रत्येक वेळी मुलाच्या बाजूने कौल देताना 'बाबांनाही हेच आवडले असते' असे एक वाक्य आम्ही मनाशी म्हणत असू. रेइकोच्या फोनमधला सूर मला म्हणूनच फार ओळखीचा वाटला. तिला वडिलांची संमती गृहीत धरता येते. आणि प्रेक्षक म्हणून मीही ती गृहीत धरली होती. तिची गाडी वेळेत पोचावी असेच मला वाटत होते.

अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया समजावताना उदाहरण निवडले ते भयाचेच, हे आपण पुरेसे लक्षात घेत नाही. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या रथापुढे धावणारा तो हरिण. त्याचे भय देशकालाच्या आलिंगनातून सुटते, 'मी भ्यालो', 'हा शत्रू भ्याला', 'हा मित्र भ्याला' अशा सर्व नात्यांतून मोकळे होते, आणि म्हणूनच आस्वाद्य होते. भय कोणाचेच राहत नाही तेव्हा रस होतो. 'रिंगु'ची सारी रचना याच्या उलट दिशेने काम करते. ती शापित फीत रेइकोबरोबर आपल्यालाही अथपासून इतिपर्यंत दाखवली जाते. आपण ती पाहिलेली आहे. जपानबाहेर ज्यांनी हा चित्रपट प्रथम घरातल्या व्हिडिओफितीवर पाहिला त्यांना हे नाते अंगावर आले असणार. इथे साधारणीकरणाला मुद्दाम मोडता घातला आहे. भयावर पत्ता लिहिला आहे, आणि तो पत्ता आपला आहे. शेवटी तर आपल्याला भिण्यापलीकडचे काम दिले जाते. कोणाला दाखवायचे, हे ठरवण्यात आपण रेइकोच्या बाजूने मत देऊन बसतो.

या मताचे पुढे काय होते, याचे उत्तर 'रासेन' देतो, असे माझे म्हणणे आहे. विषाणूच्या गोंधळात हे झाकले गेले आहे खरे. आंदोचा लहान मुलगा समुद्रात बुडालेला आहे. आंदो स्वतः जगण्याला विटलेला आहे. शाप आता फितीपुरता राहिलेला नाही, तो लिहिलेल्या मजकुरातूनही पसरू शकतो, आणि मेलेल्याला पुन्हा देह देण्याची शक्ती पुन्हा जन्मलेल्या सदाकोकडे आहे. आंदोला मुलगा परत मिळतो. किंमत एवढीच की सदाकोच्या पसरण्याच्या तो आड यायचे नाही. शेवटी तो मुलासह समुद्रकिनारी आहे, आणि बाकीच्या मनुष्यजातीचे काय व्हायचे ते होणार आहे.

रेइकोने जे केले तेच आंदोने केले. तिने मुलासाठी एक म्हातारा दिला, त्याने सगळे दिले. गणित तेच, फक्त संख्या वाढली. पहिल्या चित्रपटात प्रेक्षकाने ज्या कृतीला मनोमन होकार भरला होता, तिचा अर्थ दुसऱ्या चित्रपटाने त्याच दिवशी, त्याच बैठकीत उघडा करून दाखवला. रेइको आणि योइची तर 'रासेन'मध्ये जिवंतही नाहीत. म्हणजे ती किंमत मोजूनही पोर वाचले नाही. हा हिशेब घेऊन प्रेक्षकाला घरी जायचे नव्हते. 'रासेन' नीरस आहे, त्याची मांडणी ढिली आहे, पडद्यावर बडबड फार आहे, हे सर्व आरोप मला मान्य आहेत. पण वाईट चित्रपट लोक विसरतात. त्याच्या जागी दुसरा इतिहास लिहून मागत नाहीत.

'रिंगु 2'ने तो दुसरा इतिहास दिला. माइ जिवंत, योइची जिवंत, विहिरीतून वर येण्यासाठी दोर, आणि मेलेल्या र्यूजीची वेळेवर मदत. प्रत काढून दुसऱ्याच्या गळ्यात मारण्याचा भयंकर व्यवहार जवळजवळ बाजूला पडतो आणि सात दिवसांचा नियमही धूसर होतो. या चित्रपटाविषयी नेहमी ऐकू येणारी तक्रार हीच आहे की त्याचे नियम कळत नाहीत, पहिल्यासारखी घट्ट वीण नाही. माझ्या वर्गानेही तेच म्हटले. तरीही तो त्यांना 'रासेन'पेक्षा आवडला. का, असे विचारता एकाने प्रांजळपणे सांगितले की यात कोणाला काही ठरवावे लागत नाही.

त्याचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. पण एका उपकथेपुरते नाही. ओकाझाकी हा रेइकोचा सहकारी पत्रकार. ती फीत मिळवून देणाऱ्या कानाए नावाच्या शाळकरी मुलीने स्वतः ती पाहिली आहे. तो तिला वचन देतो की मी पाहीन, म्हणजे तू सुटशील. आणि तो पाहत नाही. फीत खणात टाकून देतो. मुलगी मरते. पुढे तिच्या मुलाखतीचे चित्रण तो पुसून टाकू पाहतो, तेव्हा पडद्यावरची तिची प्रतिमा जायला तयार होत नाही. खाली गेलेली मान हलू लागते.

या चित्रपटात वर्ग पहिल्यांदा थरकला तो इथे. सदाकोच्या विहिरीतल्या चढाईला नाही, मातीने घडवलेल्या तिच्या चेहऱ्यालाही नाही. रेइकोच्या वडिलांना कोणी न विचारता पाहायला लावणार होते. ओकाझाकीला विचारले होते आणि त्याने हो म्हटले होते. ताकाहाशींनी 'रासेन'मधून जे काढून टाकले ते इथे, एका दुय्यम पात्राच्या खणात, ठेवून दिले. 'रिंगु'मध्ये पाहणे हा अपघात होता. इथे न पाहणे हा गुन्हा आहे. प्रेक्षक होण्यास नकार देणाऱ्याला शिक्षा करणारी भयकथा माझ्या तरी वाचनात दुसरी नाही.

शेवटी ओकाझाकी मनोरुग्णालयात आहे. परिचारिका त्याचे छायाचित्र काढते, हातातल्या चित्राकडे पाहते आणि गडबडीने निघून जाते. त्याच्या पाठीमागे कानाए उभी आहे. चर्चेच्या अखेरीस त्या विद्यार्थिनीने एवढेच विचारले की ओकाझाकीने वचन पाळून फीत पाहिली असती, तर पुढची प्रत त्याने कोणाला दिली असती. तास संपला होता, पण कोणी उठले नाही.