अर्धे तिकीट

झाशीला मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेस मी झाशी पाहिलीच नव्हती, हे कळायला मला पंचवीस वर्षे लागली.

१९८४ सालची गोष्ट. भिवंडीत माझे सहा माग नुकतेच सुरू झाले होते आणि झाशीच्या एका व्यापाऱ्याकडे कापडाचे पैसे अडकले होते. वसुलीला निघालो तेव्हा अण्णा ओट्यावर वाचीत बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "झाशीला चाललास? मग नीट बघून ये हो." चार दिवसांनी परतलो, तर पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारले, "कशी आहे रे झाशी?"

मी म्हणालो, "कसली आलीय झाशी, अण्णा! ऊन, धूळ आणि टेकडीवर एक किल्ला. पैसे मात्र निम्मेच मिळाले."

अण्णा काही बोलले नाहीत. चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेऊन त्यांनी पान उलटले.

अण्णा एका सायझिंगच्या कारखान्यात मेहताजी होते. दिवसभर सुताची वजने आणि बिमांचे हिशेब. प्रवास म्हणाल तर नाशिकच्या पलीकडे कधी नाही. संध्याकाळी मात्र शेजारच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून ते एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचीत. स्वयंपाकघरात आईला ऐकू गेले पाहिजे ना! ते पुस्तक म्हणजे गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. सुताच्या खोक्याच्या जाड कागदाचे त्याला कव्हर होते. लहानपणापासून ते कानांवर पडत असूनही मी कधी ऐकले नाही. मागाचा आवाज जसा आम्हां भिवंडीकरांना ऐकू येत नाही, तसेच ते.

१९९१ साली अण्णा गेले. पुस्तक ट्रंकेत पडले आणि २००९ च्या दिवाळीत, साफसफाई करताना, माझ्या हाती लागले. ट्रंकेशीच बसून मी वाचू लागलो. साफसफाई तिथेच राहिली. (घरातून त्याबद्दल जे ऐकून घ्यावे लागले ते इथे नको.)

पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढ्या आशेने विष्णुभट १८५७ साली काकांबरोबर पायी निघाला आणि नेमका बंडाच्या वणव्यात सापडला. ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा तो आत होता. गाव पडले, लूट आणि कत्तल झाली, कमावलेली दक्षिणा गेली. घरी आणली ती गंगेची कावड, आणि तिने आईबापांना स्नान घातले. १८८३ साली त्याने हे सारे लिहून काढले. ते १९०७ साली छापून आणले चिंतामणराव वैद्यांनी, म्हणजे आमच्या शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या भारताचार्यांनी. इतके जवळचे पुस्तक, आणि मी कापडाचे निम्मे पैसे मोजीत बसलो होतो!

त्याच हिवाळ्यात कल्याणला पंजाब मेल पकडली. विष्णुभटाला जिथे महिने लागले, तिथे मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार होतो. (त्या स्थानकाला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे, तेव्हा ते नुसते झाशी होते.) इटारसी मागे पडल्यावर मी पुस्तक उघडले, आणि आजवर न पाहिलेले मलपृष्ठ आतून पाहिले. तिथे पेन्सिलीने, मेहताजीच्या वळणदार अक्षरात हिशेब मांडला होता. कल्याण ते झाशी : दोन पूर्ण, एक अर्धे. खाली सन १९६७. बेरीज करून वर आडवी रेघ मारलेली, आणि रेघेखाली एकच शब्द : 'फी'.

ते अर्धे तिकीट माझे होते. फीही माझीच. पुढची स्टेशने मला दिसली नाहीत.

झाशी तीच होती. तेच ऊन, तीच धूळ. पण तटावरून खाली पाहताना प्रत्येक अरुंद गल्लीत मला अंग चोरून दडलेला एक कोकणी भटजी दिसत होता. 'कडक बिजली' तोफेपाशी मुले फोटो काढीत होती. मी उभा राहून गोळ्यांच्या त्या रात्रीचे पान वाचले. राणीमहालात गेलो. आता तिथे जुन्या मूर्तींचे संग्रहालय आहे. मी शोधीत होतो पुस्तके. झाशीच्या राजवाड्यातले ग्रंथालय लुटले गेले ते सांगताना भटजी जेवढा कळवळला आहे, तेवढा स्वतःची दक्षिणा गेल्यावरही कळवळलेला नाही. त्या पानाच्या कडेला अण्णांची पेन्सिल जोराने उमटली होती.

मग काळपीची बस धरली. याच वाटेवर एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली राणी विष्णुभटाला भेटली. तो पाणी काढू लागला तर, तुम्ही विद्वान ब्राह्मण, म्हणून तिने त्याला काढू दिले नाही. स्वतः ओढून ओंजळीने प्यायली. ओरईपर्यंत रस्त्याकडेची एकही विहीर मी सोडली नाही. शेजारच्या शेतकऱ्याने अखेर विचारले, "भाईसाब, कुआँ खरीदना है क्या?"

घरी आलो तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडीत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "कशी आहे रे झाशी?"

मी तिच्यापुढे बसलो आणि सांगू लागलो. किल्ला झाला, राणीमहाल झाला, दरवाज्याबाहेर पडून तळ्याकडे निघालो, तोच तिने मला थांबवले.

"आता तळ्याकाठी महालक्ष्मीचं देऊळ लागेल," ती म्हणाली. "तिथे सावकाश सांग. तिथे हे नेहमी थांबून पाणी मागायचे."