सिगरेट तर सोडली, मग तोंड का येतंय?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात कोणी सिगरेट सोडून वेपवर गेलंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

मी फार्मासिस्ट. पुण्याच्या उपनगरात आमचं मेडिकल आहे आणि काउंटरमागे उभं राहून मला १९ वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कुणाला औषध सांगणार नाही. पण माणसं डॉक्टरकडे जायच्या आधी आमच्याकडे येतात, आणि डॉक्टरला जे सांगत नाहीत ते कधी कधी आम्हाला सांगतात.

गेल्या काही वर्षांत एक गिऱ्हाईक मला ओळखू यायला लागलंय. वय तिशी-चाळिशीचं, नोकरी बरी. एकाच वेळी घशाच्या चघळायच्या गोळ्या, तोंड आल्यावर लावायचं जेल आणि इसबगोल मागतो. पुढच्या आठवड्यात ॲसिडिटीची गोळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात विचारतो, "मॅडम, झोपेसाठी काही साधं मिळेल का?" मी विचारते, सिगरेट ओढता का? उत्तर येतं, "नाही मॅडम, सोडली की! दोन महिने झाले." चेहऱ्यावर अभिमान असतो, आणि तो रास्तही असतो. मग मी आवाज खाली आणून दुसरा प्रश्न विचारते, "आणि वेप?" त्यावर तो आधी डावीउजवीकडे बघतो.

हे डावीउजवीकडे बघणं हाच या पोस्टचा विषय आहे.

माझ्या धाकट्या भावाचंच उदाहरण देते, त्याला विचारून. वय ४१, हिंजवडीत नोकरी. कॉलेजपासून सिगरेट, दिवसाला दहा-बारा. लेक पाच वर्षांची झाली आणि "बाबा, तुझ्या तोंडाला वास येतो" म्हणून जवळ यायची बंद झाली, तेव्हा त्याने सिगरेट सोडली. एका झटक्यात. ऑफिसातल्या कुणीतरी एक रंगीत, पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू दिली, आंब्याच्या वासाची. वास गेला, राख गेली, लेक मांडीवर येऊन बसायला लागली. आई खूश, वहिनी खूश.

पहिल्या आठवड्यात घसा कोरडा. रात्री उठून तांब्याभर पाणी प्यायचा. दुसऱ्या आठवड्यात तोंड आलं, जेवताना डोळ्यांत पाणी. मग खोकला, आणि सकाळी चिकट कफ. "ताई, ओढत होतो तेव्हा इतका खोकलो नव्हतो," असं म्हणाला. पोट साफ होईना. दुपारी डोकं जड, कधी मळमळ. आणि महिन्याभरात रात्री छातीत धडधड सुरू झाली. घाबरून ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी विचारलं, सिगरेट? हा म्हणाला, सोडली. खरंच सांगितलं त्याने. डॉक्टरांनी ॲसिडिटी आणि कामाचा ताण धरून गोळ्या लिहून दिल्या. त्यांचंही काही चुकलं नाही. अर्धी माहिती मिळाली, तर निदानही अर्धंच होणार.

आता एकेक बघू, कारण यातल्या बहुतेक गोष्टींना साधी कारणं आहेत.

घसा आणि तोंड कोरडं का पडतं? वेपच्या द्रवात मुख्यतः दोन पदार्थ असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन. दोन्ही माझ्या दुकानात रोज विकले जातात, सिरपमध्ये आणि क्रीममध्ये. दोघांचा गुण एकच, पाणी ओढून घ्यायचं. दिवसभरात शे-दोनशे झुरके घेतले की ते तोंडातलं आणि घशातलं पाणी ओढणारच. प्रॉपिलीन ग्लायकॉलने काहींच्या घशाची आगही होते. त्यात द्रव संपत आला आणि आतला कापूस कोरडा जळला, की जो जळका कश लागतो त्यात फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन असले घातक वायू असतात. तो घशाला लागतो तेव्हा घसा बरोबर सांगत असतो.

तोंड येणं, खोकला आणि बद्धकोष्ठ हे मात्र बरंचसं सिगरेट सुटल्याचं लक्षण आहे. सिगरेट सोडणाऱ्या पुष्कळांना पहिल्या काही आठवड्यांत तोंड येतं. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे झाडू असतात, धुराने ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते पुन्हा झाडायला लागतात आणि साठलेला कफ वर येतो. निकोटिन आतड्यांना ढकलत असतं, त्याचं प्रमाण बदललं की पोट रुसतं. हे सगळं तात्पुरतं असतं. पण हे माहीत नसलेला माणूस काय निष्कर्ष काढतो? "सिगरेटच बरी होती." आणि टपरीवर परत जातो. मी अशी माणसं पाहिली आहेत. त्यांची जिद्द कमी नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता धडधड आणि झोप. इथे माझा जुना अभ्यास उपयोगी पडला. सिगरेटच्या धुरातल्या डांबरात असे पदार्थ असतात, की ते यकृतातलं एक एन्झाइम जोरात कामाला लावतात. हे एन्झाइम कॅफीन मोडतं. म्हणून ओढणाऱ्या माणसाला चहा-कॉफी लवकर पचते, सहा-सात कप घेऊनही तो रात्री गाढ झोपतो. धूर बंद झाला की काही दिवसांत हे एन्झाइम नेहमीच्या चालीवर येतं. चहा तेवढाच, पण रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. वेपमध्ये निकोटिन असतं, पण ते डांबर नसतं, त्यामुळे वेपवर गेलेल्यालाही हेच होतं. आता आपल्याकडची टपरी आठवा. कटिंग आणि सिगरेट ही जोडी. सिगरेट सुटते, कटिंग राहतं, आणि सिगरेटची आठवण मारायला आणखी दोन कटिंग वाढतात. भावाला मी चहा निम्मा करायला सांगितला. दहा दिवसांत झोप बरीच सुधारली.

हीच गोष्ट औषधांनाही लागू आहे, आणि तिथे ती गंभीर होते. दम्यासाठी दिलं जाणारं थिओफिलिन, मानसिक आजारांवरची क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही औषधं साधारण त्याच एन्झाइमने मोडतात. ओढणाऱ्या माणसाला बसवलेला डोस धूर बंद झाल्यावर जास्त पडू शकतो. ही औषधं चालू असतील तर सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना लगेच सांगा. गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका, सांगा.

मळमळ आणि डोकं जड होणं याचा मोठा संशयित म्हणजे निकोटिन. एका सिगरेटमधून अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. आणि सिगरेट संपते. विझवावी लागते, दुसरी पेटवायला जिना उतरून खाली जावं लागतं. वेपला तळ नाही. पलंगावर, बाथरूममध्ये, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ओढता येतो. भावाच्या त्या रंगीत नळीवर ५ टक्के लिहिलं होतं. म्हणजे एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. द्रव १० मिलिलिटर. गुणाकार करा, ५०० मिलिग्रॅम एका नळीत. सगळंच रक्तात जात नाही, हे खरं. पण त्यात निकोटिन क्षाराच्या रूपात असतं, घशाला कमी लागतं, त्यामुळे जास्त झाल्याचं कळतच नाही. ब्रिटनमध्ये वेप कायदेशीर आहे, तिथे मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. आपल्याकडे त्याच्या अडीचपट माल खिशात घेऊन माणसं फिरतात. आणि जो छापील आकडा आहे तो तरी खरा कशावरून? तपासणार कोण?

इथे कायद्याकडे येऊ. केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ओढण्याच्या कृतीला वेगळी शिक्षा या कायद्यात लिहिलेली नाही. म्हणजे डॉक्टरला "मी वेप ओढतो" असं सांगितल्याने कुणावर खटला होत नाही. हे लोकांना माहीतच नाही. त्यांना वाटतं, कबूल केलं की अडकलो.

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं क्लासच्या जिन्यात आंब्याचा धूर सोडताना मी पाहते, त्यांनी कधी सिगरेट हातात धरलेली नसते. त्यांच्यासाठी बंदी हवीच. पण आपल्या राज्यात बंद्यांचा अनुभव काय आहे? गुटखा २०१२ पासून बंद. सुट्टी सिगरेट आणि बिडी २०२० पासून बंद. आता खाली जाऊन कोपऱ्यावर एक सुट्टी मागून बघा.

बंदी कागदावर राहिली तरी एक काम चोख करते, माहिती बंद करते. सिगरेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं आणि व्यसन सोडायला मदत करणारा टोल फ्री नंबरही छापलेला असतो, १८००-११-२३५६. वेपच्या डबीवर आंबा, कलिंगड आणि बर्फाचे तुकडे. काय घातलंय, कुणी बनवलंय, बिघडलं तर कुणाला विचारायचं, काही नाही.

बिनलेबल मालाने काय होतं ते अमेरिकेत २०१९ मध्ये दिसलं. वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक सूज यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशयित निघाला व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात भेसळ म्हणून घातलेला. हाच पदार्थ क्रीममध्ये असतो, गोळीतून पोटात गेला तरी सहसा त्रास होत नाही. फुप्फुसात गेला आणि माणसं मेली. आपल्याकडच्या नळ्यांमध्ये तेच आहे असं मी म्हणत नाही. पण "खाण्यातलाच फ्लेवर आहे, काही होत नाही" असं जे काउंटरवर ऐकवतात, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे. पोट वेगळं, फुप्फुस वेगळं.

मग वेप सिगरेटपेक्षा बरं का? सरळ उत्तर देते. जळक्या तंबाखूचं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात नाही, त्यामुळे ओढणाऱ्याच्या अंगात जाणारं विष बरंच कमी होतं. ब्रिटनमध्ये २०१९ साली ८८६ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराने वेप घेतलेल्यांपैकी १८ टक्के सिगरेटमुक्त होते, निकोटिनचे पॅच-गम वगैरे घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्याच अभ्यासात पुढचा आकडा आहे. सिगरेट सुटलेल्या वेपवाल्यांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही वेप ओढतच होते. गम-पॅचवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के. आणि हा अभ्यास मर्यादित निकोटिनच्या, लेबल असलेल्या मालावर, समुपदेशकाच्या मदतीने झाला होता. ऑफिसातल्या मित्राने दिलेल्या नळीला तो लावता येत नाही.

भावाचं सध्या असं चाललंय. आम्ही छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, सगळं खरं सांगितलं. त्यांनी ओरडाआरडा केला नाही, निकोटिन गमवर आणलं आणि तो डोस हळूहळू कमी करायचाय. तोंड बरं झालं, कफ सुटून गेला. नळी अजून पूर्ण सुटलेली नाही, आठवड्यातून दोन-तीनदा हात जातो. पण आता तो ते मला सांगतो, आणि डॉक्टरांनाही.

म्हणून तीन विनंत्या.

डॉक्टर मंडळींनो, "सिगरेट ओढता का?" याच्या जोडीला "वेप, मिश्री, तंबाखू, काहीही?" असं विचारा. देशात २०१६-१७ च्या सर्वेक्षणात धूर ओढणारे प्रौढ १०.७ टक्के होते आणि तोंडात तंबाखू ठेवणारे २१.४ टक्के. एका प्रश्नात सगळे येत नाहीत.

वेपवर असलेल्यांनो, लपवू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तो वेपचाच आहे असं धरू नका, थुंकीची तपासणी करा, क्षयरोग आपल्याकडून गेलेला नाही. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा, वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेल्या तोंडाला ही चैन परवडत नाही. आणि छातीत दुखणं, धाप, थुंकीत रक्त यातलं काही असेल तर माझ्यासारखीच्या काउंटरवर येऊ नका, थेट दवाखान्यात जा.

घरच्यांनो, माणूस चिडचिडा झाला, रात्री उठून बसला, तर "सोडलंस ना, आता काय?" असं विचारू नका. त्याच्या पुढचा चहाचा कप अर्धा करा आणि तो काय ओढतोय ते शांतपणे विचारा.

आमच्या दुकानात मी एक पाटी लावली आहे, वर दिलेल्या नंबरची. फोन फुकट आहे, नाव विचारून पोलीस येत नाहीत. पोस्ट कॉपी करून पुढे पाठवलीत तरी चालेल. माझं नाव नसलं तरी चालेल, नंबर तेवढा राहू द्या.