दमावंदची पूर्वतयारी

तौलनिक साहित्याच्या वर्गात दमावंद मी कित्येक वर्षे शिकवीत आलो आहे. फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त फरीदूनाने जुलमी झह्हाकाला, खांद्यांवरच्या दोन सर्पांसह, याच पर्वतात जखडून ठेवले. अवेस्त्यात हा अझी दहाक तीन मुखांचा, आणि त्याला जिंकणारा थ्रएतओन आथ्व्यकुळातला. ऋग्वेदात त्रिशीर्ष विश्वरूपाला मारणारा त्रितही 'आप्त्य' आहे, हे ज्याला स्मरते त्याला या कथांचे गोत्र निराळे सांगावे लागत नाही. १९२२ मध्ये कवी बहारने या पर्वताला बंदिवान दैत्य कल्पून स्फोटाचेच आवाहन केले. या साऱ्या विद्वत्तेचा चढाईला काडीइतका उपयोग नाही, हे आता नकाशा पसरून बसलो असता ध्यानात येते.

तेहरानच्या ईशान्येस, अल्बुर्झ पर्वतरांगेतील हा हिमाच्छादित ज्वालामुखी सुमारे ५,६१० मीटर उंच आहे. आशियातील सर्व ज्वालामुखींत सर्वोच्च. कळसूबाईच्या तिपटीहून अधिक. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. शेवटचा उद्रेक सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा, तरी शिखरानजीक गंधकाची वाफ आजही निघते. ती झह्हाकाचा श्वास, अशी लोकांची समजूत. माझ्या यादीत मात्र तिच्यापुढे एवढेच लिहिले आहे : नाकातोंडावर बांधावयास ओले फडके.

दक्षिणेकडील वाटेवरचा पहिला मुक्काम गोस्फंदसरा, सुमारे ३,००० मीटरांवर. 'गोस्फंद' म्हणजे मेंढरू. त्यातला 'गो' आपल्या ओळखीचा, आणि 'सरा' तर 'सराई' होऊन मराठीत केव्हाच मुक्कामाला आली. त्यापुढे बारगाह-ए-सेव्वुम, तिसरी बारगाह, सुमारे ४,२०० मीटरांवर. (रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोशा'त फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, या वाटेवर त्यांना पुष्कळ काम मिळाले असते.) शब्दांत असा रमतो आणि मग भानावर येतो. कारण या दोन मुक्कामांत १,२०० मीटरांचे अंतर आहे, आणि ३,००० मीटरांच्या वर निजण्याची उंची दिवसाला ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये, असा वैद्यकाचा दंडक. मधे नीट मुक्काम नाही. म्हणून खाली दोन रात्री, वर तीन. दिवसा उंच चढावयाचे, रात्री उतरून निजावयाचे. घाईचे लोक सारे तीन दिवसांत आटोपतात. त्यांच्या साहसाविषयी मला आदर नाही.

माझे वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी, शाळेचा जिना चढताना गेले. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. हृदयाच्या सर्व तपासण्या निर्दोष ठरल्या; अहवाल चाळून डॉक्टरांनी, "पण कशासाठी?" एवढेच विचारले. विद्यार्थ्यांना दिले असते ते उत्तर तेथे देववेना. वडिलांचे वय ओलांडण्याआधी आपला श्वास एकदा मोजून पाहावा, असे काहीसे मनात होते. ते मी बोललो नाही.

पत्नीने विरोध केला नाही. माझी टिपणवही मात्र तिने मागून घेतली. शिखराच्या दिवसाखाली मी पहाटे चारचे प्रस्थान, तीन लिटर पाणी, गोठलेल्या धबधब्याजवळची विश्रांती असे क्रमाने लिहिले होते. त्याखाली तिने आपल्या अक्षरात भर घातली : दुपारी एक वाजता, शिखर शंभर पावलांवर असले तरी, परत फिरणे. त्याखाली माझी सही घेतली.

महिना जुलैचा धरला आहे. वर्षाची जागा कोरी आहे. ते ठरविणे सर्वस्वी माझ्या हाती नाही. तोवर रोज सायंकाळी, पाठीवर दहा किलोंची पिशवी घेऊन, विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे चार मजले सहा वेळा चढतो. ग्रंथपाल आता नवल करीत नाहीत.